धायटी लावण्यापूर्वीची तयारी

धायटीचे झुडूप बागेत आणायचे असेल, तर तयारी पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर आदल्या उन्हाळ्यातच सुरू करावी लागते. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर आणि घाटरस्त्यांच्या दरडींवर हे झुडूप साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात, भोवतालचे रान उघडेबोडके होत असताना, फांदीभर लाल फुलांनी लगडते. तरीही बागेत लावण्यासाठी ते क्वचितच निवडले जाते. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांसारखी औषधे आंबवताना लागणारी त्याची वाळलेली फुले मात्र काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतात.

प्रथम झाडाची ओळख पक्की करावी. मेंदीच्या कुळातल्या या झुडपाच्या फांद्या लांब आणि कमानीसारख्या झुकलेल्या असतात, पाने समोरासमोर येतात, पानांची खालची बाजू करडी असून तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. फुलाचा लाल भाग म्हणजे खरे तर नळीसारखा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण. पाकळ्या इतक्या लहान असतात की त्या शोधाव्या लागतात. बी किंवा फांदी खासगी जागेतून, मालकाला विचारून घ्यावी. राखीव वनातून किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही आणणे हा गुन्हा आहे.

फुले सुकली तरी नळी गळत नाही आणि तिच्या आतच बोंड पिकते, म्हणून तपकिरी झालेल्या नळ्या बोंडे फुटण्याआधी तोडून कागदावर सावलीत वाळवाव्यात. बी धुळीइतके बारीक असते. त्यासाठी तळाला भोके असलेला पसरट ट्रे, चाळलेली लाल माती, रेती आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत हाताशी ठेवावे, आणि बी मूठभर कोरड्या रेतीत मिसळून पृष्ठभागावर भुरभुरावे. वर माती लोटू नये. झारीच्या पाण्याने बी वाहून जाते. त्यामुळे ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून ओलावा खालून चढू द्यावा, हे सर्वांत महत्त्वाचे. रोपांना चार-सहा पाने आली की ती पिशव्यांत हलवावीत. एवढा धीर नसेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला अर्धपक्व फांदीचे वीतभर तुकडे, मुळे फुटण्याची पावडर लावून, शेडनेटखाली रेतीत खोचावेत. मात्र सगळेच तुकडे जगतील असे धरून चालू नये आणि गरजेपेक्षा जास्त लावावेत.

जागा निवडताना दिवसातून किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा चटकन निचरा या दोन गोष्टींत तडजोड करू नये. झुडूप दोन-तीन मीटर उंच होऊन तेवढेच पसरते, म्हणून भिंतीपासून आणि शेजारच्या झाडापासून सुमारे दोन मीटर अंतर सोडावे. मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा. मुरमाड जमीन असेल तर मातीत घमेलाभर कुजलेले शेणखत मिसळणे पुरेसे आहे. काळ्या चिकट जमिनीत मात्र मुरूम आणि रेती घालून उंचवटाच करावा. युरियाचा मोह टाळावा, कारण त्याने पालाच माजतो. कुंडीत लावायचे असल्यास ती किमान चाळीस सेंटिमीटर व्यासाची घ्यावी, पण मोकळ्या जमिनीतली डौलदार झुकण कुंडीत येत नाही, असे माझे मत आहे.

लागवड जून-जुलैत करावी. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी देण्याची सोय असावी. पुढे झुडूप बहुतेक पावसावरच निभावते. छाटणीची कात्री धार लावून ठेवावी, पण ती बहर संपल्यावर, पावसापूर्वीच चालवावी, कारण फुले पक्व फांद्यांवर पानांच्या बगलेत येतात आणि दिवाळीनंतर केलेल्या छाटणीत येणारा बहरच कापला जातो. औषधासाठी फुले तोडायची असल्यास अर्ध्या फांद्या तशाच राखाव्यात. पुढच्या वर्षीचे बी तेथूनच मिळेल आणि मधासाठी येणाऱ्या शिंजीर पक्ष्यांचीही सोय होईल.