खासगीपणा जपणाऱ्या प्रणालीसाठी वापरलेला फोन कसा निवडावा

वापरलेला फोन घेताना बहुतेक जण आधी फोन पसंत करतात आणि त्यावर खासगीपणा जपणारी कोणती प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) चालेल याचा शोध मागाहून घेतात. हा क्रम उलटा करावा. ग्राफीनओएस ही प्रणाली मुख्यत्वे गूगलच्या पिक्सेल फोनांसाठी बनते, तर लिनिएजओएस अनेक कंपन्यांच्या फोनांवर चालते. मात्र लिनिएजओएस बसवल्यावर बहुतेक फोनांचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम, पुन्हा कुलूपबंद करता येत नाही, आणि फोन परक्याच्या हाती पडला तर ही उणीव महागात पडते. म्हणून प्रणाली ठरवून तिच्या अधिकृत संकेतस्थळावरील यादी उघडावी आणि त्या यादीतलाच फोन शोधावा.

त्यानंतर फोनचे उरलेले आयुष्य मोजावे. सुरक्षा अपडेटची मुदत तुमच्या खरेदीपासून नव्हे, तर ते मॉडेल बाजारात आले तेव्हापासून धरली जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पिक्सेल ७ ला पाच वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०२७ पर्यंतची मुदत आहे. त्यानंतर वर्षभराने आलेल्या पिक्सेल ८ पासून ही मुदत सात वर्षांची झाली. मुदत संपल्यावर प्रोसेसर आणि मॉडेमच्या फर्मवेअरमधील, म्हणजे त्यांच्या अंगभूत सॉफ्टवेअरमधील, त्रुटी तशाच राहतात. त्या निर्माताच दुरुस्त करू शकतो, आणि पर्यायी प्रणाली कितीही चांगली असली तरी ते काम तिच्या हातात नसते. पिक्सेल ८ पासून मेमरी टॅगिंगची सोयही मिळते. मेमरीतल्या चुकांचा फायदा घेणारे हल्ले ती अवघड करते. त्यामुळे माझ्या मते थोडे अधिक पैसे मोजून याच पिढीपासून पुढचा फोन घेणे श्रेयस्कर.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी, आणि ती पैसे देण्याआधीच करावी. फोन इंटरनेटला जोडून 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारावी, म्हणजे 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. तेथील 'ओईएम अनलॉकिंग' हे बूटलोडर उघडण्याची परवानगी देणारे बटण सुरू करून पाहावे. ते फिके पडलेले असेल आणि दाबता येत नसेल, तर तो फोन घेऊ नये. 'फोन अनलॉक्ड आहे' असे विक्रेता सांगतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्यात कोणतेही सिमकार्ड चालते. बूटलोडर उघडण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल सेवा कंपनीने विकलेल्या पिक्सेल फोनांमध्ये ही परवानगी सहसा नसते. काचेवरचे ओरखडे लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात आणि हे एक बटण पाहायचे विसरतात.

विक्रेत्याने आपले गूगल खाते सेटिंग्जमधून काढून मगच फोन रिसेट केला आहे, याची खात्री करावी. अन्यथा रिसेटनंतर फोन जुन्याच मालकाचे खाते मागत राहू शकतो. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक चोरीच्या फोनांच्या नोंदींशी ताडून पाहावा.

बॅटरीबाबत पिक्सेल ६ए आणि ७ए घेताना विशेष सावध राहावे. २०२५ मध्ये गूगलने ६एच्या काही फोनांना बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे तिची क्षमता घटवणारे अपडेट दिले, आणि ७एच्या फुगणाऱ्या बॅटरींसाठी दुरुस्ती योजना जाहीर केली. मागची बाजू किंचित जरी उचललेली दिसली, तरी तो फोन नाकारावा.

प्रणाली आधीच बसवून विकलेला फोन आला, तरी ती स्वतः नव्याने बसवावी. बूटलोडर उघडताना आणि पुन्हा बंद करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, हे ध्यानात असू द्यावे. ग्राफीनओएस बसवून बूटलोडर कुलूपबंद केल्यावर फोन सुरू होताना पिवळ्या खुणेसह प्रणाली अस्सल असल्याचे पडताळणाऱ्या डिजिटल किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरे-अंकांची मालिका, दिसतो. तो अधिकृत संकेतस्थळावरील ठशाशी अक्षर न् अक्षर जुळवावा. बँकांची काही ॲप्स अशा प्रणालीवर चालण्यास नकार देतात. तेव्हा आपल्याला लागणारे प्रत्येक ॲप चालवून पाहीपर्यंत जुना फोन विकू नये.