आधी शुगर उतरते, वजन मागाहून

आमच्या यांचं वजन 138 किलो आणि बारा वर्षांची शुगर. वजन उतरवायचा पोटाचा बायपास (गॅस्ट्रिक बायपास) झाला तेव्हा मला वाटलं, वजन घटेल तशी शुगरही हळूहळू घटेल. तसं होत नाही. जठराचा बराचसा भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून अन्न पुढे गेलं, की इन्सुलिनला जोर देणारे हार्मोन आतड्यातून जास्त सुटतात. शिवाय पोटात जातं ते जेमतेम. त्यामुळे शुगर काही दिवसांतच खाली येते, काट्यावर फारसं दिसण्याआधी.

म्हणून सुट्टी मिळायच्या दिवशी जुनी चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा आणि एकेक गोळी विचारून घ्या: कोणती बंद, कोणती अर्धी. आम्ही विचारलं नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी नेहमीसारखी ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवायची गोळी दिली. दुपारी पाहते तर बनियन घामानं चिंब, वाटीतला चमचा हातात ठरेना. मशीनवर 54! तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, 83 आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून वही घातली. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची, आणि बीपी.

बीपी विसरू नका. नागपूरचा मे म्हणजे 45 अंश. पाणी कमी पडलं आणि बीपीची जुनी गोळी चालूच राहिली, तर उठताना अंधारी येते. दिवसभर घोट घोट पाणी प्या, पण जेवताना नको, जेवणानंतर अर्ध्या तासानं.

ताटात आधी प्रोटीन: अंडं, पनीर, दही, घट्ट वरण. दिवसाला किमान 60 ग्रॅम लागतं. बी-12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. गुडघा दुखला तरी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, बायपासनंतर त्यानं अल्सर होतो.

यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, 9.6 वरून सहा महिन्यांत 6.2 वर आली. शुगरच्या गोळ्या सुटल्या, तपासणी सुटलेली नाही, कारण शुगर परतू शकते. डोळ्यांचा पडदाही दरवर्षी दाखवतो.

आणि आपल्याकडचा आग्रह! वहिनींनी संत्राबर्फी पुढे केली, एका तुकड्यावर यांना धडधड, घाम, पोटात मुरडा. गोड झपाट्यानं आतड्यात उतरतं म्हणून असं होतं. आता वहिनी संत्रंच देतात. तेही तसंच नाही. रेषा काढून, फोडीवरचा पापुद्रा सोलून, आतला गरच बशीत ठेवतात, कारण तो पापुद्रा लहान झालेल्या पोटात अडकून बसू शकतो.