त्याचं क्रीम, तिचं क्रीम: त्वचेची निगा राखताना या चुका टाळा

पुरुषांचा फेसवॉश काळ्या बाटलीत, बायकांचा गुलाबी बाटलीत. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की बाटली फिरवून मागचं लेबल क्वचितच कुणी वाचतं. वाचलं तर दोन्हीकडे बरंचसं तेच सापडतं: ग्लिसरीन, फेस आणणारी तीच रसायनं, कधी सॅलिसिलिक ॲसिड. पुरुषांच्या बाटलीत गार वाटावं म्हणून बरेचदा मेन्थॉल असतं. त्या गारव्याने चेहरा जास्त स्वच्छ होत नाही, उलट नाजूक त्वचेला तो झोंबतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने किमतींची तुलना केली, तेव्हा अंगाच्या निगेच्या वस्तू बायकांसाठी सरासरी १३ टक्के महाग निघाल्या. रंगाचे पैसे मोजू नका, त्वचा बघून घ्या.

स्त्री-पुरुषांच्या त्वचेत फरक आहे, पण तो वेगळ्याच जागी आहे. पुरुषी संप्रेरकांमुळे पुरुषांची त्वचा सरासरीने जाड आणि तेलकट असते, शिवाय दाढी असते. बायकांच्या त्वचेवर पाळी, गरोदरपण आणि पाळी जाण्याचा थेट परिणाम होतो. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन झपाट्याने घटतं, तेलही कमी होतं. म्हणून विशीतल्या मुलाचा तेलकट त्वचेचा फेसवॉश पन्नाशीतल्या आईने वापरला की तिची त्वचा कोरडी पडून खाज सुटते. तिथे वयाचा फरक बाई-पुरुष या फरकापेक्षा मोठा ठरतो.

अंगाचा साबण तोंडाला

ही चूक पुरुष जास्त करतात. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा) ५ च्या आसपास असतो, नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो, तेव्हा तो स्वच्छ झाला असं समजू नका. त्वचेचं संरक्षक आवरण निघालेलं असतं. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा पुरतो. तेलकट चेहऱ्यालाही नंतर हलकं, जेलसारखं मॉइश्चरायझर लावा, मुंबईच्या दमट हवेतसुद्धा.

दाढी करताना

मानेवर, हनुवटीखाली लाल पुटकुळ्या येतात आणि त्यांना पिंपल समजून वरून पिंपलचं क्रीम चोळलं जातं. बरेचदा तो दाढीचा कापलेला केस असतो, जो वळून पुन्हा कातडीत शिरतो. कुरळ्या दाढीत हे जास्त होतं. दाढी आंघोळीनंतर करा, केस मऊ असतात. रेझर केस वाढतात त्या दिशेने फिरवा, कातडी ताणू नका, एकाच जागेवर पुन्हापुन्हा ओढू नका. पाच-सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला. तरीही पुटकुळ्या येत राहिल्या तर काही आठवडे ट्रिमरवर या आणि थोडे खुंट राहू द्या. गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडणं हाच अनेकांचा इलाज असतो.

तुरटीने कापलेल्या जागेचं रक्त थांबतं, तेवढ्यापुरती ती चांगली. रोज सगळ्या चेहऱ्यावर घासली तर त्वचा कोरडी पडते. सलूनमध्ये सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा तुरटीचा खडा मात्र नकोच म्हणा, आणि नवीन ब्लेड तुमच्यासमोर लावायला सांगा. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, त्यामुळे हे सांगताना संकोच करू नका.

दाढीत कोंडा दिसला की लोक तेल वाढवतात. त्या कोंड्यामागे असलेली बुरशी तेलावरच पोसली जाते. केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा दाढीत तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवा.

बायकांनी चेहऱ्यावर रेझर फिरवला तर केस राठ आणि दाट येतात, ही भीती खोटी आहे. कापलेल्या केसाचं टोक बोथट असल्याने तो फक्त तसा वाटतो.

मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि इथे स्त्री-पुरुष दोघेही सापडतात. तिला कुणीतरी पार्लरमध्ये किंवा शेजारी ‘मिक्स क्रीम’ सुचवतं. तो जांघेतल्या खाजेसाठी ट्यूब आणतो आणि पुढे तीच चेहऱ्यालाही लावतो. दोन्हींत बहुधा स्टेरॉइड असतं: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, किंवा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर मोमेटासोन. पहिले काही आठवडे चेहरा उजळ, नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पिंपल उठतात, गालांवर लव वाढते. जांघेतलं गजकर्ण दबतं, पण आतून पसरत राहतं आणि मग औषधाला दाद देत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करणाऱ्या यादीत घातली, तरी ट्यूब हातोहात मिळतेच.

महिनोन्महिने लावत असाल तर आज एकदम बंद करू नका. चेहरा भाजल्यासारखा पेटतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा, ते हळूहळू सोडवतील.

बॅच नंबर आणि उत्पादकाचा पत्ता नसलेली डबीतली क्रीमं त्याहून धोक्याची. त्यांत पारा असू शकतो. केरळमधल्या मलप्पुरममध्ये २०२३ साली अशी क्रीमं वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची प्रकरणं समोर आली. कुणाचंही मूत्रपिंड गोऱ्या रंगापेक्षा मोलाचं आहे, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे.

सनस्क्रीन

‘हे बायकांचं’ म्हणून पुरुष टाळतात, आणि लावलं तरी कान, मान आणि टक्कल विसरतात. बायका एसपीएफ असलेल्या फाउंडेशनवर भागवतात, पण ते कुणीही पुरेसं जाड लावत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे तपकिरी डाग, असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन निवडा, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही वांग गडद होतो. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर तो वाढतो, म्हणून बायकांत जास्त दिसतो.

पिंपल कुठे आले, ते बघा

बाईच्या जबड्यावर पिंपल, हनुवटीवर राठ केस आणि पाळी अनियमित, असं एकत्र असेल तर सिरम बदलत बसू नका. पीसीओडीची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करा. जिमला जाणाऱ्या मुलाच्या छाती-पाठीवर अचानक पिंपलचा उठाव झाला तर पावडर आणि इंजेक्शन काय चाललं आहे ते डॉक्टरांना खरं सांगा. अडॅपलीनसारख्या पिंपलच्या क्रीमला आठ ते बारा आठवडे द्या. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणं ही दोघांचीही सारखीच चूक आहे.

वॅक्सिंगच्या आठवडाभर आधी चेहऱ्यावरचं रेटिनॉल बंद ठेवा, नाहीतर वॅक्सबरोबर कातडीही सोलली जाते.

गरोदर असाल किंवा त्या विचारात असाल तर रेटिनॉल, अडॅपलीन, ट्रेटिनॉइन सोडा. पिंपलसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारून किमान महिनाभर आधी बंद झालेल्या हव्यात. घरात नवरा केसगळतीसाठी फिनास्टेराइड घेत असेल तर गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

मिशीचा डाय आणि कपाळाची टिकली

काळ्या डायमधल्या पीपीडी या रसायनाची अनेकांना ॲलर्जी असते. मिशीला लावल्यावर वरचा ओठ सुजतो, पाणी सुटतं. कानामागे थोडा डाय लावून ४८ तास थांबा. आधी कधी त्रास झाला नसला तरी दरवेळी करा, कारण ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही सुरू होते.

टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. लोक त्याला कोड समजून घाबरतात, किंवा तो झाकायला मोठी टिकली लावतात. दुसरी चूक जास्त महाग पडते. डाग दिसला की टिकली त्याच दिवशी बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लवकर थांबवलं तर रंग परतण्याची शक्यता अधिक असते.