कर्ता अनिश्चित असलेला सोनाटा कसा बसवावा: बीडब्ल्यूव्ही १०३३

सी मेजरमधला बीडब्ल्यूव्ही १०३३ (बाखांच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) हा फ्लूटचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या नावावर ओळखला जातो, पण तो सर्वस्वी त्यांचा आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. सोलापुरात पाश्चात्त्य फ्लूट शिकणारे मोजकेच आहेत. त्यांच्यापैकी ज्यांनी हा सोनाटा कसा बसवावा असे मला विचारले, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. माझे ठाम मत असे, की कर्तृत्वाचा प्रश्न अभ्यासकांवर सोपवून आपण नुसते स्वर वाजवू लागलो, तर ही रचना हाती लागत नाही. रियाज कोणत्या क्रमाने करायचा, हे याच प्रश्नातून ठरते.

प्रथम कागद हाती घ्यावा. या सोनाट्याची बाखांच्या स्वतःच्या हातची प्रत उपलब्ध नाही. सर्वात जुनी प्रत १७३१ च्या सुमाराची असून ती त्यांचे चिरंजीव कार्ल फिलिप इमॅन्युएल यांच्या हातची आहे. ते तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि लाइपझिगला वडिलांच्या घरीच राहत होते. त्या प्रतीवर वडिलांचे नाव आहे. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आले म्हणून तो तुकोबांचाच ठरत नाही, आणि बंदिशीत ‘सदारंग’ आले म्हणून ती नियामत खाँचीच ठरत नाही, हे पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या वाचकाला निराळे सांगायला नको. मात्र मुलाने घरातच लिहिलेले नाव सहज झटकून टाकण्यासारखेही नसते, आणि म्हणूनच हा वाद इतका अवघड झाला आहे. बीडब्ल्यूव्ही क्रमांकाने यात काहीही सिद्ध होत नाही. तो वोल्फगांग श्मीडर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या सूचीतला क्रमांक आहे, आणि त्याच सूचीतले १०२० आणि १०३१ हे सोनाटेही अशाच संशयात आहेत. बाखांच्या समग्र वाङ्मयाच्या नव्या आवृत्तीत १९६३ साली फ्लूटच्या रचनांचा खंड निघाला, तेव्हा हे तिन्ही सोनाटे त्यातून वगळण्यात आले होते.

संशयाचे मुख्य कारण बेसच्या, म्हणजे साथीच्या खालच्या स्वरांच्या, ओळीत आहे. फ्लूटची ओळ जागोजागी डौलदार आणि स्वयंपूर्ण वाटते, तर तिच्याखालचा बेस कित्येक ठिकाणी साधा, थोडा अवघडलेला वाटतो. यावरून रॉबर्ट मार्शल या अभ्यासकांनी असा तर्क मांडला, की मूळ रचना एकट्या फ्लूटसाठी असावी आणि बेस नंतर मुलाने, बहुधा अभ्यास म्हणून, जोडला असावा. हा तर्कच आहे, निकाल नव्हे. पण तो आपल्याला स्वतःच्या ओठांनी आणि कानांनी तपासता येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

त्यासाठी छापील स्वरलिपीची मोठ्या आकाराची झेरॉक्स नवी पेठेतून करून आणावी आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसावे. फ्लूटची ओळ जशी आहे तशी ठेवावी. बेसच्या ओळीला निळी रेघ मारावी. पियानोच्या उजव्या हाताचे जे स्वर दिसतात, त्यांना पहिला मेन्युएट (शेवटी येणाऱ्या नाचाच्या भागांपैकी पहिला) सोडून सर्वत्र लाल रेघ मारावी, कारण ते आधुनिक संपादकाने भरलेले आहेत. जुन्या पद्धतीत बेसची ओळ तेवढी लिहिलेली असे आणि वरचे स्वरसमूह वाजवणारा स्वतः भरत असे. मी स्वतः पहिली दोन वर्षे संपादकाचे हे स्वर बाखांचे समजून वाजवत होतो आणि एका लाल स्वराशी जुळावे म्हणून फ्लूटचा श्वास चुकीच्या जागी घेत होतो. तीन थर वेगळे दिसू लागले, तेव्हा ती सवय सुटली.

आता फ्लूटची ओळ एकट्याने वाजवावी. आन्दान्ते या सुरुवातीच्या संथ भागापासून निघून प्रेस्टो या जलद भागापर्यंत जावे आणि प्रेस्टो सुरू होताच तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी एकचा नुसता षड्ज लावावा. येथे बेसमध्ये सी हा स्वर धरून ठेवलेला आहे आणि वर फ्लूट धावते आहे, त्यामुळे आपल्या कानाला हा भाग परका वाटत नाही. पहिल्यांदा षड्जासह आणि दुसऱ्यांदा षड्जाशिवाय वाजवून पाहावे. षड्ज बंद केल्यावरही तो ऐकू येत राहिला, तर ओळीत तो आधीच होता असे समजावे.

सर्वाधिक वेळ आलेग्रो या पुढच्या जलद भागाला द्यावा. यात सोळांश स्वरांची लांबच लांब साखळी आहे आणि तिच्यात मधूनच खाली उडी घेणारे स्वर येतात. त्या खालच्या स्वरांभोवती पेन्सिलीने लहान वर्तुळे काढावीत आणि मग फक्त वर्तुळातले स्वर, मधले सगळे गाळून, संथ लयीत वाजवावेत. एक दुसरा, दडलेला बेस ऐकू येऊ लागेल. तो निळ्या ओळीशी ताडून पाहावा: कुठे दोन्ही एकच सांगतात, कुठे निळी ओळ नुसती पुनरुक्ती करते, आणि कुठे ती खरोखर काही नवे देते, याच्या खुणा समासात कराव्यात. श्वास वर्तुळातल्या स्वरानंतर घ्यावा, त्याच्या आधी कधीही घेऊ नये. जिभेच्या आघातासाठी फ्लूटवादक योहान योआखिम क्वान्ट्झ यांनी १७५२ साली बर्लिनला छापलेल्या ग्रंथात ‘ति’, ‘दि’, ‘तिरि’ असे बोल दिले आहेत. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणण्याची सवय असलेल्याला ते लवकर साधतात. त्यानंतरचा आडाजिओ हा संथ भाग ए मायनरमध्ये आहे आणि तो गाऊनच शिकावा.

मेन्युएटपाशी हा प्रयोग अडतो. पहिल्या मेन्युएटमध्ये की-बोर्डचा उजवा हात संपूर्ण लिहून दिलेला आहे, म्हणजे रचनेची जातच येथे बदलते. एकट्या फ्लूटचा तर्क ज्याला पूर्ण पटला असेल, त्याने ही जागा प्रामाणिकपणे दोनदा वाचावी.

त्या काळचा लाकडी फ्लूट डी या स्वरावर बांधलेला असे. त्याला सहा छिद्रे आणि एकच चावी असे. त्यावर खालचा सी निघतच नाही आणि एफ काढायला बोटांची तिरकी मांडणी करावी लागते, त्यामुळे तो झाकलेला येतो. आजच्या धातूच्या फ्लूटवर सगळे स्वर सारखे खणखणीत वाजतात. म्हणून निदान आडाजिओत एफवर फुंक थोडी आवरती घ्यावी.

साथीला हार्प्सिकॉर्ड (त्या काळचे तारांचे की-बोर्ड वाद्य) येथे मिळणार नाही, पण त्यावाचून अडत नाही. खर्ज-नर सुरांची पेटी वाजवणारे कोणी ओळखीचे असेल तर त्यांना फक्त निळी ओळ वाजवायची विनंती करावी. त्यांचा एक हात भात्यावर असतो, त्यामुळे लाल स्वर भरण्याचा मोह आपोआप टळतो. पेटी एरवी कोणत्या सुराला लावली आहे ते आधी तपासावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तालीम ठेवू नये. हवा तापली की फ्लूटचा स्वर चढतो आणि साथीला डिजिटल की-बोर्ड असेल तर तो मात्र जागचा हलत नाही, मग फ्लूटचे डोके कितीही बाहेर ओढले तरी वरचे स्वर खालच्यांशी जुळत नाहीत. पहाटे साडेपाचची वेळ उत्तम. पूर्व भागात राहणाऱ्यांना यंत्रमागांचा खटखटाट सुरू होण्याआधीचा तास त्यामुळे मिळतो. मागाच्या ठोक्याला नकळत लय बांधली गेली, तर मेन्युएट नाचाचा राहत नाही.

कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात असो वा एखाद्याच्या दिवाणखान्यात, पत्रिकेवर नुसते ‘बाख’ लिहू नये. ‘सोनाटा, सी मेजर, बीडब्ल्यूव्ही १०३३. योहान सेबास्टियन बाख यांच्या नावावर असलेला. बेस बहुधा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांचा’ एवढे पुरते. वेळ असेल तर आलेग्रोचा पहिला भाग आधी एकट्या फ्लूटवर वाजवावा आणि मग पेटीला आत घेऊन पूर्ण आलेग्रो वाजवावा, म्हणजे श्रोत्यांनाही दोन्ही ऐकून आपले मत बनवता येईल.