इमर घेऊ, इम्यूटेबल जेएस घेऊ की नुसती तीन टिंबं पुरतील?

रिअ‍ॅक्टमधे (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) यादी सॉर्ट केली, कन्सोलमधे बरोबर दिसतेय पण स्क्रीन हलतच नाही, असं झालंय ना कधी? माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय. कारण साधं आहे, सॉर्ट मूळ अ‍ॅरेच बदलतं आणि रिअ‍ॅक्ट आत डोकावून बघत नाही, रेफरन्स (डेटा कुठे ठेवलाय त्याचा पत्ता) तोच आहे का एवढंच बघतं, तोच असला की त्याच्या लेखी काही बदललेलंच नाही. म्हणून जुन्याला हात लावायचा नाही, नवीन कॉपी द्यायची. आता ती हाताने करायची, म्हणजे जुन्यातलं सगळं नवीनमधे ओतणारी स्प्रेडची तीन टिंबं (...) लिहायची, की इमर किंवा इम्यूटेबल जेएस यातली एखादी लायब्ररी घ्यायची, एवढाच प्रश्न.

आधी पॅकेज डॉट जेसन (प्रोजेक्टमधल्या लायब्ररींची यादी) उघडून बघा. रिडक्स टूलकिट (स्टेट सांभाळायची लायब्ररी) असेल तर तिच्या क्रिएटस्लाइसच्या आत इमर आहेच, वेगळं काही आणू नका.

नसेल तर स्टेट, म्हणजे स्क्रीनमागचा बदलता डेटा, किती खोल आहे ते बघा. एक-दोन लेव्हलच असेल, म्हणजे फॉर्म, फिल्टर, छोटी यादी, तर स्प्रेडची तीन टिंबं पुरतात, शिवाय 2023 च्या स्टँडर्डमधे टूसॉर्टेड, टूस्प्लाइस्ड, विथ आलेत जे नवीन अ‍ॅरे देतात (जुने ब्राउझर सांभाळायचे असतील तर पॉलीफिल, म्हणजे तेच काम करणारा जोडकोड, लागेल). फक्त स्ट्रक्चर्डक्लोन वापरून सगळंच डीप कॉपी (आतपर्यंत सगळं नवीन) करू नका प्लीज, न बदललेल्या भागांचेही रेफरन्स नवीन होतात आणि मेमो केलेले (डेटा तोच असेल तर परत न काढले जाणारे) कंपोनंट उगाच परत रेंडर होतात.

पण ऑर्डरमधे आयटम, आयटममधे टॅक्स, टॅक्समधे परत स्लॅब असं आत आत जायला लागलं की टिंबांचा जिना होतो आणि एखादी पायरी विसरली की बग. इथे मी डोळे झाकून इमर घेतो. मोबएक्स ही दुसरी स्टेट लायब्ररी बनवणाऱ्या मिशेल वेस्टस्ट्रेटनेच बनवलंय. त्याच्या प्रोड्यूस फंक्शनमधे ड्राफ्ट (कच्ची कॉपी) मिळतो, तो नेहमीच्या जावास्क्रिप्टसारखा बदलायचा, आतलं प्रॉक्सी (मधे बसलेला पहारेकरी ऑब्जेक्ट) काय बदललं त्याची नोंद ठेवतं आणि तेवढाच रस्ता नवीन करतं, बाकीचं जुनंच शेअर होतं. टीममधे नवीन आलेल्या पोराला पण दहा मिनिटात कळतं, आणि माझ्यासाठी हे बेंचमार्कपेक्षा मोठं आहे. खड्डे मात्र माहीत असू द्या: एका ओळीचा अ‍ॅरो फंक्शन महिरपी कंसाशिवाय लिहिला की असाइनमेंटची व्हॅल्यू रिटर्न होते आणि एरर येतो, मॅप आणि सेट हवे असतील तर एनेबलमॅपसेट आधी कॉल करावं लागतं, आणि ड्राफ्ट कन्सोलमधे बघायचा असेल तर करंट वापरा नाहीतर नुसतं प्रॉक्सी दिसेल.

मग इम्यूटेबल जेएस कधी? फेसबुकच्या ली बायरनने आणलेली ही लायब्ररी प्लेन ऑब्जेक्ट देतच नाही, तिचे स्वतःचे मॅप आणि लिस्ट आहेत, आतून 32 फांद्यांची झाडं. लाखभर नोंदींच्या लिस्टमधे एक बदलली तर मोजकेच नोड कॉपी होतात, इमर तिथे लाखाचा अख्खा अ‍ॅरे वरवर का होईना कॉपी करतं. मोठा एडिटर, हजारो सेलचं शीट, वारंवार छोटे बदल, असं असेल तर हिचा खरा फायदा. पण तिच्या मॅपमधे डॉट लावून फील्ड मिळत नाही, गेट आणि गेटइन लिहावं लागतं, आणि दर रेंडरला टूजेएस (परत प्लेन ऑब्जेक्ट बनवणं) केलं की दर वेळी नवीन ऑब्जेक्ट, म्हणजे जे वाचवायला घेतली तेच घालवलं. घ्यायची तर कंपोनंटपर्यंत तिचेच प्रकार न्या, अर्धवट नको.

अजूनही ठरत नसेल तर तुमच्या अ‍ॅपमधला सगळ्यात किचकट एकच अपडेट इमर आणि इम्यूटेबल जेएस दोन्हीत लिहून बघा, प्रॉडक्शन बिल्ड करा आणि स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर मोजा, लॅपटॉपवर सगळंच फास्ट वाटतं.