इस्पितळाविरुद्ध तक्रार करताय? या चुका टाळा

उपचारात काही बिनसलं की गोव्यात पहिला फोन जातो आमदाराला. राज्य लहान, आमदार लग्नाबारशाला येणारा, त्यामुळे मोह कळतो. खाट लवकर मिळवायला तो फोन कधी उपयोगी पडतही असेल. तक्रारीला पडत नाही, कारण त्याची नोंद कुठेच राहत नाही. जून 2025 मध्ये गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, काय झालं ते आठवा. एका वयस्क बाईंना इंजेक्शन नाकारल्याची तक्रार थेट आरोग्यमंत्र्यांकडे गेली. मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर डॉक्टरला झापलं, निलंबनाचा आदेश दिला. डॉक्टर आंदोलनाला उतरले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही म्हणून सांगितलं, शेवटी मंत्र्यांनी माफी मागितली. या सगळ्या गदारोळात त्या इंजेक्शनबद्दल कोण बोलत होतं?

दुसरी चूक माझी खास नावडती: सगळा राग एकाच अर्जात ओतणं. फोंड्याकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन एका खाजगी इस्पितळात झालं. टाक्यांतून पू येतोय असं ते रोज सिस्टरला सांगत होते, पण डॉक्टर पट्टी सोडून बघायला तयार नव्हते. घरी आल्यावर त्यांनी लांबलचक अर्ज खरडला. त्यात पार्किंग, वॉचमनची भाषा, कँटीनचा पाणचट चहा, बिलातले हातमोजे, आणि पुवाचा उल्लेख पार शेवटच्या पानावर. उत्तर आलं, अगदी नम्र: वॉचमनला समज दिली आहे, कँटीनच्या ठेकेदाराला कळवलं आहे. पुवाबद्दल अक्षर नाही. सोपं तेवढं उचललं आणि फाइल बंद.

मग ते अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. मी त्यांना एका पानाच्या वर लिहू दिलं नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणाला सांगितलं, ते काय म्हणाले, आणि आता आम्हाला काय हवं. ‘निष्काळजी’, ‘कसाई’ असले शब्द मी स्वतः खोडले. गृहस्थ रुसले, पण खोडले. जोडीला डिस्चार्ज कार्ड आणि जखमेचे तारखेसह फोटो. या वेळी सर्जनने स्वतः बोलावून घेतलं, लेखी खुलासाही दिला. चहाचा विषय कुणी काढला नाही.

कागद आधी, तक्रार नंतर. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांत केस पेपर द्यावे लागतात, आणि दाखल पेशंटची कागदपत्रं डॉक्टरने 3 वर्षं जपायची असतात. मागणी लेखी करा. ‘डॉक्टर ओळखीचे आहेत, देतील नंतर’ म्हणणारे पुढे हात हलवत परत येतात.

पेशंट अजून खाटेवर असेल तर अर्ज लिहीत बसू नका. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला गाठा, तिथे भागलं नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना.

चुकीचं दार ठोठावू नका. डॉक्टरचं वर्तन असेल तर गोवा मेडिकल कौन्सिल. पैसे भरून घेतलेल्या उपचाराची भरपाई हवी तर ग्राहक आयोग, तोही 2 वर्षांच्या आत. सगळ्यांना फुकट उपचार देणारं सरकारी इस्पितळ ग्राहक कायद्यात येत नाही. तिथे अधीक्षकांना अर्ज द्या, आणि त्याचं काय झालं ते माहिती अधिकारात विचारा, उत्तराची मुदत 30 दिवसांची. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) असताना वर पैसे मागितले तर आरोग्य संचालनालय.

सोशल मीडियावर डॉक्टरचा फोटो टाकणाऱ्यांना मी अर्ज लिहून देत नाही. बदनामीची नोटीस आल्यावर तेच धावत येतात.

शेवटचं म्हणजे पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. क्लार्क म्हणेल, ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो.’ ठेवायचं नाही, समोरच्या बाकावर बसायचं. जेवणाच्या सुट्टीच्या आधी शिक्का सापडतो.