डिस्प्ले येत नाही: दोष ग्राफिक्स कार्डात की एसएमपीएसमध्ये?

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन-तीनदा बटण दाबून मशीन नेमकं कुठल्या क्षणी अडतं ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

ना पंखा ना दिवा, काहीच हालचाल नाही, तर संशय वीजपुरवठ्यावर: एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा पॉवर सप्लायचा डबा), त्याची वायर, कॅबिनेटचं बटण. पंखे अर्धा-एक सेकंद फिरून थांबत असतील, कधी आपोआप पुन्हा सुरू होऊन पुन्हा थांबत असतील, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. पंखे नीट फिरत राहतात पण पडदा काळाच, अशा वेळी कार्ड, त्याची पॉवर केबल, रॅम किंवा बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग तपासायची. आणि विंडोज व्यवस्थित उघडतं, गेम सुरू केला की मशीन एकदम बंद पडतं, तर एसएमपीएस कमी पडत असण्याची शक्यता मोठी.

आधी फुकटच्या गोष्टी

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात आहे ना? मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावलेली केबल हे ‘कार्ड गेलं’ या तक्रारीमागचं नेहमीचं कारण आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन ५००० किंवा त्याआधीच्या मालिकेत ‘जी’ नसेल तरी तेच. अशा मशीनमध्ये मदरबोर्डच्या पोर्टातून कधीच काही दिसणार नाही. मॉनिटरचा इनपुटही हाताने निवडून बघा.

डीडीआर५ रॅमचं नवीन मशीन पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. तेव्हा बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. घाबरून मध्येच बंद केलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं हात लावू नका.

मग वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. शॉर्टमुळे किंवा व्होल्टेजच्या झटक्यामुळे एसएमपीएसचं संरक्षण अडकून बसलेलं असेल तर ते यानेच सुटतं. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर कुठला दिवा लागून राहतो ते टिपून ठेवा (डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स कार्ड); मशीन त्याच भागाशी अडलेलं असतं. जुन्या बोर्डावर स्पीकर असेल तर आवाज मोजा (अवॉर्ड आणि एएमआय हे बायोसचे दोन प्रकार): अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार, एएमआयमध्ये आठ छोटे बीप म्हणजे कार्डाच्या मेमरीची.

कार्ड बाहेर काढा

सगळ्यात जास्त सांगणारी चाचणी हीच. वायर काढा, कार्डाच्या पॉवर केबल सोडवा, कार्ड कॅबिनेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचे स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाचं कुलूप दाबून कार्ड सरळ वर ओढा. कुलूप न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटर मदरबोर्डला लावून सुरू करा. डिस्प्ले आला, तर उरले तीन संशयित: कार्ड, त्याची केबल, एसएमपीएसची ताकद. कार्ड नसतानाही पंखे फिरून थांबतच असतील तर कार्ड निर्दोष आहे. मग प्रोसेसरजवळची आठ पिनची केबल बघा, रॅमची एकच पट्टी प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटात ठेवा (चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर हाच पहिला लावायचा असतो), बोर्डाखाली एखादा सुटा स्क्रू पडलेला नाही ना ते पाहा.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ओळखीच्या कुणाकडून जीटी ७१० किंवा जीटी १०३० सारखं छोटं कार्ड मागून आणा. ही कार्डं स्लॉटच्याच विजेवर चालतात, वेगळी केबल लागत नाही, म्हणून चाचणीला उत्तम. तेही नसेल तर नम लॉक दाबून कीबोर्डचा दिवा बदलतो का बघा. बदलत असेल तर मशीन चालू आहे, फक्त चित्र पोहोचत नाही.

कार्ड परत बसवण्याआधी सोनेरी संपर्कपट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या पावसाळी दमटपणात या पट्टीवर थर धरतो आणि संपर्क सुटतो. खोडरबराचा जुना उपाय चालतो, पण त्याचा चुरा स्लॉटात गेला तर नवीन दुखणं. स्लॉटातली धूळ ब्रशने काढा, आणि कार्ड कुलूप ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. जड कार्ड एका टोकाला लोंबत असेल तर खाली आधार द्या.

पॉवर केबल

पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट, म्हणजे ज्यात कार्ड बसतं तो, जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, सहा पिनची जोडणी ७५, आठ पिनची १५०. एक आठ पिन असलेलं कार्ड म्हणजे फार तर २२५ वॉट. दोन आठ पिन असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला लोंबणारी दोन टोकं लावून भागवू नका. केबल अर्धवट बसली असेल तर काही कार्डं पडद्यावर तसा संदेश देतात, बाकीची गप्प राहतात.

प्रोसेसरची आठ पिन आणि कार्डाची आठ पिन दिसायला सारखी असली तरी त्यांची रचना उलटी आहे. एकात १२ व्होल्ट जिथे, तिथे दुसऱ्यात ग्राउंड. पहिली ४+४ अशी फुटते, दुसरी ६+२ अशी. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती चुकीची आहे.

याहून महाग पडणारी चूक मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसची. एका कंपनीच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, कधीकधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही नाहीत. कार्डाकडच्या टोकाचा क्रम ठरलेला आहे, एसएमपीएसकडच्या टोकाला तसा नियम नाही. टोक नीट बसतं, आणि कार्ड किंवा हार्ड डिस्क क्षणात जळते.

नव्या कार्डांची सोळा पिनची जोडणी ६०० वॉटपर्यंत वाहून नेते, त्यामुळे ती किंचितही बाहेर राहिली की तापते आणि वितळते. टोक पूर्ण आत गेलंय याची टॉर्च लावून खात्री करा आणि पहिले साडेतीन सेंटिमीटर केबल वाकवू नका. या जोडणीच्या सुधारित रूपात छोट्या संवेदक पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे टोक अर्धवट असेल तर कार्डाला वीजच मिळू नये. प्लास्टिक तपकिरी झालेली केबल पुन्हा वापरू नका.

एसएमपीएसची परीक्षा

एसएमपीएसच्या सगळ्या केबल मशीनमधून सोडवा. चोवीस पिनच्या टोकात हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा, मग वायर भिंतीत लावून मागचा स्विच चालू करा. केबल सगळ्याच काळ्या असतील तर पिन अंदाजाने मोजू नका, तयार टेस्टर आणा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून काळ्या वायरच्या तुलनेत मोजा:

पिवळी: ११.४ ते १२.६ व्होल्ट
लाल: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट
नारिंगी: ३.१४ ते ३.४७ व्होल्ट
जांभळी: ५ व्होल्टच्या आसपास, मशीन बंद असतानाही

पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएस मेला असं धरू नका. काही मॉडेलांत कमी भारावर पंखा थांबूनच असतो. उलट, या चाचणीत आकडे बरोबर आले म्हणून तो निर्दोषही ठरत नाही, कारण भार जवळजवळ शून्य आहे. खरा प्रश्न भाराखाली काय होतं हा. मशीन पूर्ण जोडून गेम चालू असताना एखाद्या रिकाम्या मोलेक्स (जुन्या चार पिनच्या) टोकाच्या पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट किती घसरतो ते बघा. एसएमपीएस उघडू मात्र कधीच नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट वायर काढल्यावरही टिकून असू शकतात.

कार्डावर शॉर्ट आहे का हे कार्ड बाहेर असतानाच कळतं. त्याच्या सहा किंवा आठ पिनच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यातला ओहम मोजा. शून्याजवळ आला तर बहुधा मॉस्फेट (कार्डावरचा वीज नियंत्रित करणारा भाग) शॉर्ट झाला आहे. ते कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये लावून बघायचं नाही. मुख्य चिपच्या कॉइलवर मात्र मोठ्या कार्डात धडधाकट असतानाही एक ओहमच्या आत रीडिंग येतं. ते पाहून कार्ड भंगारात काढू नका.

गेममध्येच बंद पडतं तेव्हा

डब्यावर छापलेले वॉट विसरा, लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. १८ अँपिअर म्हणजे २१६ वॉट, वर ‘५००’ असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात आणि एनव्हिडिया पूर्ण मशीनसाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. ३०९० ला ३५० आणि ७५०. एवढी मोठी तफावत असण्याचं एक कारण म्हणजे कार्डाची ओढ क्षणभर सरासरीच्या कितीतरी वर जाते, आणि जुना एसएमपीएस त्याला शॉर्ट समजून बंद होतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अट आली ती यासाठीच.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के करा. बंद पडणं थांबलं, तर आधी एसएमपीएस बदला, कार्ड नंतर.

त्याआधी मशीन यूपीएसवरून काढून थेट भिंतीच्या प्लगला लावून पाहा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो; गेमिंग मशीन आणि मॉनिटर त्याच्यावर चालवलं तर दोष यूपीएसचा आणि बदनामी एसएमपीएसची. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बायोसमुळे काळा पडदा

सगळं ठणठणीत असूनही डिस्प्ले नाही, असंही होतं. फार जुन्या कार्डांमध्ये यूईएफआयसाठी (बायोसच्या नव्या रूपासाठी) लागणारा भाग नसतो, म्हणून सीएसएम (जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारी सेटिंग) बंद असलेल्या नव्या बोर्डावर ती चित्र देत नाहीत. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीचं (जेन ४) कार्ड तिसऱ्या पिढीच्या रायझर केबलवर (कार्ड स्लॉटापासून लांब ठेवणाऱ्या केबलवर) टांगलं तरीही पडदा काळाच. प्रोसेसरच्या ग्राफिक्सने बायोसमध्ये जाऊन स्लॉट जेन ३ वर ठेवा, किंवा कार्ड थेट स्लॉटात लावा. बायोसमध्ये जाताच येत नसेल तर वायर काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत येतात. सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला असेल तर नवीनच घाला.

शेवटी एसएमपीएस बदलायचाच ठरला, तर त्याच्यासोबत आलेल्या केबलच लावा आणि जुन्या सगळ्या काढून टाका, कॅबिनेटमागे कितीही सुबक बांधलेल्या असल्या तरी.